गिटारची पाठ लावण्यापूर्वी

अप्पा,

घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंची गिटार पडून उकलली. ती दुरुस्तीला तुमच्याकडे आली आणि दुरुस्त होऊन परत गेली.

२. ती गेल्यावर तुम्ही टाकाऊ लाकडातून तशीच दुसरी करायला घेतली.

३. पुढची फळी, बाजू आणि दांडी जोडून झाली. पाठ कापून तयार होती, चिकटवायची राहिली होती. तेव्हा तुम्हाला ताप आला आणि त्याच तापात तुम्ही गेलात.

४. पाठ अजून लावलेली नाही. उघडी पेटी आणि सुटी पाठ, दोन्ही माझ्यापाशी आहेत.

तेव्हा तुमची ही लेक तेरा वर्षांची होती. आता गुलबर्ग्याला बांधकाम खात्यात ट्रेसर आहे. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेले पूल आणि मोऱ्या मी पारदर्शक कापडावर शाईनं उतरवते. सध्या ते काम बंद आहे. एक नोव्हेंबरपासून हैदराबाद राज्य राहणार नाही, म्हणून आम्ही नकाशांचे तीन ढीग लावतो आहोत, एक म्हैसूरचा, एक मुंबईचा, एक आंध्राचा. एकाच रस्त्याचा कल्याणीकडचा तुकडा एका ढिगात जातो आणि उमरग्याकडचा दुसऱ्यात. माझं नाव मुंबईच्या यादीत आहे, औरंगाबादला हजर व्हायचं आहे. पाठ नसलेली पेटी एवढा बसचा प्रवास सोसणार नाही, बाजू उकलतील. म्हणजे इतकी वर्षं जे टाळलं ते आता करावं लागणार. त्याबद्दल तुम्हाला एक विचारायचं आहे, पण त्याआधी थोडं मागचं.

पुढची फळी कुठून आली ते मी पाहिलेलं आहे. कल्याणीच्या घरात अव्वा चुलीपुढे बसली आहे. दवाखान्यातून आलेलं औषधांचं रिकामं खोकं तिनं कुऱ्हाडीनं फोडलं आहे, तव्यावर भाकरी आहे. तुम्ही तांब्या घ्यायला आत येता. अव्वा एक फळी चुलीत सरकवते, ती दगडाला लागते आणि त्या आवाजाला तुम्ही थबकता. वाकून पेटती फळी बाहेर ओढता आणि तांब्यातलं सगळं पाणी तिच्यावर ओतता. घरभर धूर.

"चुलीत बी हात घालायलाव का आता?" अव्वा ओरडते.

"ही जाळायची न्हाई."

"मग काय, कालवणात टाकू?"

तुम्ही बोट वाकवून फळीवर मारता, पुन्हा मारता. "ऐक की जरा."

"माझी भाकर करपायलीय, ते ऐकू यायलंय मला."

ते परदेशी पाइन होतं, हलकं, सरळ बारीक रेघांचं. हे मला आता सांगता येतं. तुम्ही त्याच खोक्याची दुसरी फळी तिला जोडलीत. खालच्या कडेला जळल्याची करडी छटा अजून आहे, आणि आतल्या बाजूला औषधाच्या नावाची अर्धी काळी अक्षरं. बाजू सागवानी आहेत, तुम्ही कामाला होतात त्या बसच्या कारखान्यात मोडीत निघालेल्या खिडकीच्या चौकटीच्या. त्या पातळ चिरून, भिजवून, निखाऱ्यांनी तापवलेल्या सायलेन्सरच्या नळ्यावर तुम्ही वाकवल्यात. एका बाजूला स्क्रूचं बुजवलेलं भोक आहे. पाठ शिसवी, कुणाच्या तरी मोडक्या पलंगाच्या उशाकडची. हे सगळे तुकडे मी कितीदा वेगवेगळे पाहिले होते. सरपण, खिडकी, पलंग. एकाकडे पाहून दुसऱ्याची आठवण यावी असं त्यांच्यात काही नव्हतं.

सिस्टरबाईंची गिटार उघडी पडली होती तेव्हा तुम्ही मला आतला भाग कागदावर उतरवायला बसवलंत. माझं ते पहिलं ड्रॉइंग. फळीच्या आतून चिकटवलेल्या पट्ट्या एका अंगाला एका तऱ्हेच्या होत्या आणि दुसऱ्या अंगाला वेगळ्या, तिरक्या. मला ती करणाऱ्याची चूक वाटली. मी दोन्ही बाजू सारख्या काढल्या, नीटनेटक्या. तुम्ही कागद पाहिलात, तोंडातले खिळे काढून हातात घेतलेत, आणि म्हणालात, "जे हाय ते काढ. तुला कसं आवडतं ते कुनी इचारलं न्हाई." मग खिळे पुन्हा तोंडात. मी कागद उलटा करून पुन्हा सुरुवात केली. तुम्ही आवाज चढवला नव्हतात, तरी माझे कान तापले होते.

ते खिळे मला फार आठवतात. त्यांच्यामुळे तुम्ही बहुतेक सगळ्या प्रश्नांना मिटल्या ओठांनी, छातीतून "हुं" एवढंच उत्तर द्यायचात. होकारालाही हुं, नकारालाही हुं. फरक फक्त घरच्यांना कळायचा. अव्वा म्हणायची, ह्या मानसाला इचारण्यापरीस खांबाला इचारावं.

एका संध्याकाळी हलगीवाले मामा हलगीचं सैल झालेलं कडं घेऊन आले. पुढची फळी रंधून पातळ झाली होती, पट्ट्या लागल्या होत्या, आणि तुम्ही ती दोन विटांवर आडवी ठेवली होती.

"काय ओ मेस्त्री, पाटावरच भागवायलाव व्हय? पाय लावायचे इसरलाव."

"बसून बघा, म्हंजे तुमचे बी पाय तुटतेल."

तुम्ही कडं ठोकून दिलंत, मामांनी काटक्या पेटवून हलगी शेकली आणि तिथंच वाजवून पाहिली. फळीवर रंध्याचा बारीक भुसा पडलेला होता. तो उडाला. मी फुंकर घातली असं मामांना वाटलं. "न्हाई ओ, मी हितं हाय," मी म्हणाले. तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलंत, भुसा चिमटीनं सारखा पसरलात आणि त्यांना हलगी फळीच्या कडेपाशी धरायला लावलीत. मामा वाकून, तोंड वाकडं करून वाजवतात. फळीच्या मधला भुसा थरथरतो, चालू लागतो, आणि काही जागा अगदी स्वच्छ होतात. उरलेला एका वाकड्या रेषेत गोळा होतो. कुणी बोटानं ओढल्यासारखी रेषा, पण कुणाचंच बोट लागलेलं नाही. मामांचा हात थांबला.

"कोन हाय आत?" ते हळू आवाजात म्हणाले.

तुम्ही हसला नाहीत. फळीच्या कडेला गाल टेकवून तुम्ही तिच्या पातळीत पाहत राहिलात. मी शिकायला गेल्यावर या रेषांचं कारण मला समजलं. फळीचा काही भाग हलतो, काही जागच्या जागी राहतो आणि भुसा न हलणाऱ्या जागी साचतो. कारण समजलं म्हणून ती संध्याकाळ लहान झाली नाही. मी त्या रेषेसारखी रेषा कागदावर शाईनं आणायचा प्रयत्न केला आहे. येत नाही.

आता प्रश्न. लग्नाची पेटी करून दिलीत की झाकण लावण्याआधी तुम्ही तिच्यात मूठभर जवारी टाकायचात. रिकामी पेटी बंद करून द्यायची न्हाई, असं तुम्ही म्हणायचात, आणि गिऱ्हाइकाला घाई असली तरी अव्वाकडून जवारी मागवायचात. गिटारची पाठ तयार झाली त्या दिवशी मी विचारलं, ह्याच्यात काय टाकायचं? जवारी टाकली तर खुळखुळा होईल. तुम्ही रंधा खाली ठेवलात, पेटीत वाकून पाहिलंत, बराच वेळ. तुम्हालाही हे सुचलं नव्हतं असं दिसलं. "बघू. पाठ लावायच्या दिशी बघू." तो दिवस आला नाही.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण तुम्ही मानत होतात आणि पेटी तुमची आहे. दसऱ्याला अव्वा आली होती. तिनं पदरातून जवारी काढून पुढे केली.

"टाक अन् कर बंद."

"वाजेल ते, अव्वा."

"मग? वाजावं म्हनूनच केलेत ना त्येनी?"

मला हसू आलं. जवारी मात्र डब्यात ठेवली.

मागच्या रविवारी मी पाठ नुसती बसवून सुतळीनं आवळली. सरस लावण्याआधी जोड बसतो का ते असं पाहायचं असतं. जोड सगळीकडून बसला. मग पुढच्या फळीच्या मधल्या गोल भोकाच्या खालच्या अंगाला वाकवलेल्या बोटानं मारलं. उघडी असताना तीच फळी कोरडी वाजायची. आता आतून एक खोल, मिटल्या ओठांचं हुं आलं.

सुतळी मी त्या दिवशी सोडली नाही.

तो आवाज हवेचा आहे. पेटीत कोंडलेल्या हवेला स्वतःचा एक स्वर असतो. पेटी केवढी आणि भोक केवढं यावर तो ठरतो. हे मी पुस्तकात वाचलेलं आहे. तो स्वर माझ्या गळ्याच्या खाली आहे. गुणगुणून पाहिलं, पोचले नाही. पुरुषाचा गळा पोचेल. तुमचा आवाज कुणी मोजून ठेवलेला नाही, त्यामुळे तो तुमचाच आहे असं मी लिहीत नाही. जे आहे तेवढंच लिहिते. तो स्वर खोक्याच्या फळीत नव्हता, खिडकीत नव्हता, पलंगात नव्हता. तुम्ही जी जागा रिकामी ठेवलीत तिथून तो आला.

म्हणून मला वाटतं, काही टाकू नये. पण हे माझं वाटणं झालं, आणि मला कसं आवडतं ते कुणी विचारलेलं नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही, ते मला कळतं. पेटीतही ठेवणार नाही. कागद आत थरथरेल. आणखी एक सांगायचं राहिलं. तपासणीसाठी फळी एकदा बोटानं वाजवणं पुरेसं होतं. मी त्या दिवशी पुष्कळदा वाजवली. पहिली वेळ सोडली तर दर वेळी आधी काहीतरी विचारून मग वाजवली.

सरस शनिवारी रात्री भिजत घालते. आत काही टाकायचं असेल तर रविवारी सकाळपर्यंत कळवा.