विहिरीच्या पायऱ्या

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार
खोटे बोललो! तेही नातीशी, तिच्या विलायती पाहुण्यांसमोर.

दीक्षाच्या शाळेत, इथे पाचगणीला, इंग्लंडची आठ मुले आली आहेत. त्यांनी एक टोप आणला आहे. डोक्यावर चढवला की प्रत्येक डोळ्यापुढे एकेक लहान टीव्ही. मान वळवली की आतले चित्रही वळते. खरे काही नसते, तरी माणूस त्यात चालतो! वर्गात बसून न पाहिलेली जागा शिकायची, असा बेत. दीक्षाच्या गटाने आमचे जुने गाव घेतले – धरणात गेलेले. सांगणारा मी. याच शाळेत एकतीस वर्षे माळीकाम केले, कधी कुणी काही विचारले नाही. आज सगळी वहीत उतरून घेत होती. चावडी, वड, आमची घरे गावाबाहेर.

मग दीक्षाने विचारले, "आबा, विहिरीला पायऱ्या किती?"
"चौदा."

निघून गेले तोंडातून. चौदा ऑक्टोबर, धम्मदीक्षेचा दिवस, आमच्या घरात सगळ्यांच्या जिभेवर असतो, म्हणून असेल. पण मी त्या विहिरीत कधी उतरलोच नाही. आम्हाला उतरू देत नव्हते. काठापासून लांब ओंजळ धरून उभे राहायचे. कुणी वरून ओतले तर पाणी. हे घरात कधी सांगितले नाही. कशाला सांगायचे?

४ फेब्रुवारी
जेवण गेले नाही. रविवारी प्रदर्शन. ज्यांचे काम अचूक त्यांच्यातले दोघे मे महिन्यात इंग्लंडला जाणार. आणि दीक्षाच्या मॅडम म्हणतात, जुन्या गावची माणसे बोलावू, ती तपासतील! म्हणजे हिंदुराव येणार. पाटलाच्या घरचा. तो सगळ्यांपुढे म्हणणार, ह्याला काय ठावं? मग पोरगी राहिली.

५ फेब्रुवारी
एसटीने सांगली. घरी सांगितले, दात दाखवायला जातो – हे दुसरे खोटे. हिंदुराव फौजेतून निवृत्त, विश्रामबागेत मुलाकडे असतो. दारातच विचारले, "आरं, तू? कोण गेलं?"
"कुणी न्हाई. आपल्या विहिरीला पायऱ्या किती हुत्या?"
लय हसला. "एवढ्यासाठी आलास व्हय? कुणी मोजल्यात गड्या! आमी पायऱ्यांनी कवा उतरलोच न्हाई. काठावरनं उडी! तूच सांग की, तू तर –"

तिथेच थांबला. टोपी काढली, परत घातली. सुनेला चहा सांगितला. नंतर फक्त उसाचे आणि गुडघ्यांचे बोललो.

त्यालाही आकडा ठाऊक नाही! म्हणजे सुटलो. मग बरे का वाटत नाही?

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज टोप घातला. जड आहे, मानेला रग लागते. हातात एक दांडी. तिचे बटण दाबले की आपण चाललो. वड फारच पोपटी केला आहे. चावडी मात्र झकास! वर बघितले तर आभाळसुद्धा. गंमत म्हणजे स्वतःचे हात दिसत नाहीत.

विहीर आली. बोट आपोआप सुटले.

"आबा, पुढं जा की."
"थांब. कुणीतरी येऊ दे."
"कोण येणार? गावात माणसंच नाहीत. मशिनमध्ये मावत नव्हती."

तरी मी उभाच. एका गोऱ्या पोरीला वाटले मशिन अडकले, तिने वायरी तपासल्या. वायरी ठीक होत्या.

टोप काढला. दांडी वायरीला लोंबत होती. दीक्षा माझ्या हातांकडे बघत होती. मी ओंजळ धरली होती.

७ फेब्रुवारी
सांगून टाकले. सगळे. चौदा खोटे, हेही.

 तिने प्रदर्शनाच्या पाटीवरचा आकडा खोडून लिहिले – पायऱ्या : माहीत नाही. सांगणाऱ्याला उतरू देत नव्हते.

"अगं, हिंदुराव वाचंल! नंबर जाईल तुझा!"
"जाऊ दे."

आजीवर गेली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
हिंदुराव आला, फेटा बांधून. पाटी वाचली. परत वाचली.  मग फेटा उतरवून टोप घातला. विहिरीपाशी पोचला आणि – मारली की उडी! भर हॉलमध्ये, या वयात! टेबलावर आदळला, नडगी फुटली, विलायती मास्तर धावले, पोरे हसून लोळली. मीही हसलो.

खाली बसून नडगी चोळत म्हणाला, "सवय, दुसरं काय!" मग मॅडमकडे बघून, मोठ्याने – "बाई, त्या पावण्यांस्नी सांगा, पाटी खरी हाय. आमी उड्या मारत हुतो, आन् ही माणसं उनात उभी. मी बघितलंय."

मॅडमनी इंग्रजीत सांगितले. 

इंग्लंडला जाणाऱ्यांच्या यादीत दीक्षाचे नाव आहे.

१० फेब्रुवारी
पाहुणे निघाले. टोप पेटीत भरण्याआधी मागून घेतला. पाटीवर आकडा नाही, पण आतली विहीर पोरांनी माझ्या थापेवरच बांधलेली, ती तशीच राहिली आहे. आज काठाशी थांबलो नाही. उतरलो. मोजल्या.

चौदा.