ओल्या हवेत वाळणारा रंग

बाबा, तुमचा पोपटाचा डबा तडकला होता. ऐकून हातातला कुंचला फेकाल, म्हणून आधीच सांगते, आता बरा आहे. माझ्या लग्नात तुम्ही दिलेला तो गोल लाकडी डबा, झाकणावर हिरवा पोपट आणि त्या पोपटाला माझ्यासारखा चष्मा. सासरी सगळे खो खो हसले आणि मी तुमच्यावर चांगलीच फुगले होते. सावंतवाडीच्या दुकानात जन्मभर डबे रंगवलेत, पण तुमच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे. इथे अल ऐनच्या वाळवंटात हवा कोरडी ठाक, त्यात बारा महिने एसी. लाकूड आकसलं आणि पोपटाच्या पोटावरचा रंग लाखेसकट सुटला. कपाटातून काढताना हिरवे पोपडे हातात आले आणि मला रडूच कोसळलं. "ममा, इट्स जस्ट अ बॉक्स," तुमची नात म्हणाली. तिचाही दोष नाही, तिने तुम्हाला पाहिलंच नाही.

इथे एक चिनी बाई आहेत, हॉटेलांच्या भिंतींसाठी लॅकरची मोठी चित्रं करतात. त्यांच्याकडे डबा घेऊन गेले. त्यांचं लॅकर म्हणजे झाडाचा चीक, आपल्या बिब्ब्यासारखा अंगावर उतणारा. पुढे त्यांच्या हाताशी लागले तेव्हा हातमोजे घालूनही माझी मनगटं सुजली. थरावर थर चढवायचे, लाल, काळे, सोनेरी, आणि मग पाणी घेऊन घासायचे, म्हणजे हवा तिथे खालचा रंग वर येतो. चढवलेला रंग घासून काढायचा! तुम्ही त्यांना दुकानाची पायरी चढू दिली नसती. शुभ्र पांढरा त्या चिकात येतच नाही, म्हणून तिथे अंड्याच्या कवचाचे तुकडे बसवतात. पोपटाचं पोट कवचाचं करू, असं त्या म्हणाल्या. पण भेग चष्म्याला लागूनच होती. घासताना चष्मा गेला तर? "मे बी गो, मे बी स्टे," त्यांनी खांदे उडवले. मी डबा पिशवीत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. शेवटी त्यांच्या हातात दिला.

कवच बसलं. त्यावरचा शेवटचा थर मी स्वतः दिला आणि डबा घरी आणून बाल्कनीत ठेवला, कडक उन्हात. रंग म्हटला की ऊन, एवढंच मी तुमच्याकडून शिकलेली. पावसाळ्यात तुमचं तोंड बंद नसायचं. "ह्यो पाऊस माका उपाशी मारतलो!" दुकानभर ओले डबे मांडलेले असतात, तुम्ही एकेकावर फुंकर घालत फिरता, मी हळूच बोट पुढे करते आणि तुम्ही पाठमोरे असूनही ओरडता, "हात लावू नको गो, रंग अजून ओलो आसा!" बाल्कनीतला डबा मात्र कितीही उन्हं खाऊन चिकटच राहिला. बाईंना फोन केला तर त्या इथल्या अरबी मिसळलेल्या इंग्रजीत किंचाळल्याच, "नो सन, हबीबती! लॅकर लाइक वेट. पुट इन बाथरूम, यल्ला!" हा रंग ओल्या हवेतच वाळतो, बाबा. तुम्ही जिला शिव्या घालायचात, त्याच हवेत.

मग पाहुण्यांच्या बाथरूममधली एसीची जाळी झाकली, गरम पाण्याची बादली ठेवली, स्टुलावर डबा. सकाळी दार उघडलं आणि जागीच थबकले. घामेजलेल्या भिंती, ओलसर लाकडाचा वास, पावसाळ्यातलं तुमचं दुकानच. आता तुम्ही शिंकाल असं वाटलं. मला तुमची फार आठवण येते, हे मी इतक्या वर्षांत कोणाला बोलले नव्हते. त्या स्टुलाशी उभी राहून बोलले.

थर वाळला, बाईंनी घासून दिला. पोट पांढरंशुभ्र, बारीक तड्यांचं, आणि चष्मा जसाच्या तसा. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून त्याच डब्यात ठेवीन. फक्त एक सांगते, घरात कोणाला माहीत नाही. डबा केव्हाच वाळलाय. तरी तो परत त्याच स्टुलावर ठेवलाय, आणि रोज सकाळी मी बादली भरते, दार ओढून आत जरा वेळ बसते. आजही तुमच्या नातीने बाहेरून दार वाजवलं, "ममा, इज इट ड्राय येट?"

"नाही गो," मी आतून ओरडले, "हात लावू नको, रंग अजून ओलो आसा!"