आधी "दे इकडे" म्हणायचं

रविवार, २

आलो एकदाचे. दुसरा मजला, बेचाळीस पायऱ्या, आणि सातव्या महिन्याचं पोट पुढे घेऊन मी त्या एका दमात चढले. निदान नवऱ्याला तरी तसंच सांगितलंय. खरं म्हणजे तीनदा थांबले, पण तो तेव्हा खाली खोक्यांपाशी होता, त्याला काय कळतंय.

त्याच्या बाटल्यांच्या कारखान्याने दिलेलं घर आहे. दोन खोल्या, पांढऱ्या फरशा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धुणं दिसतं. घरात शिरल्यावर मी सगळ्यात आधी सगळे नळ सोडून पाहिले. आठ वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसलेली बाई दुसरं काय करणार? पाणी धो धो आलं. नवरा म्हणाला, चला, आता भांडायला काही उरलं नाही, तुझा वेळ कसा जायचा.

ही वही त्याच ऑफिसातली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी कोरं तक्रार रजिस्टर हातात ठेवलं, म्हणाले, तुमच्याइतकं नीट हे कोणी भरलं नाही. पानावर उभे रकाने छापलेत: तारीख, तक्रारदार, तक्रार, कोणी ऐकली, निकाल. मी रकाने न बघता आडवं लिहितेय. साहेबांनी पाहिलं तर त्यांना झीट येईल.

संध्याकाळी समोरच्या दारातली शेजारीण थर्मासभर चहा घेऊन आली. तिला आठवा सरत आलाय. गोड बाई आहे, हसताना पोट दोन्ही हातांनी धरून हसते. मी जळजळीचं रडगाणं लावलं तर म्हणाली, मंगळवारी तीन वाजता खाली बायांच्या खोलीत ये, तुझी जळजळ कुठच्या कुठे पळेल.

मंगळवार, ४

बायांची खोली म्हणजे तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली. भिंतीला हिरवा रंग, खिडकीत गॅसची शेगडी, गोलात सहा खुर्च्या. ती चालवतात मोठ्या बाई. चाळीस वर्षं सुईणपण केलेलं, आता सत्तरी उलटली तरी ताठ. त्या स्वतः गोलात बसत नाहीत, दारापाशी स्टुलावर बसतात आणि चहा ओततात.

बाकी आम्ही पाच जणी. शेजारीण आणि मी. एक लोकरवाली, तिच्या सुया बोलतानाही थांबत नाहीत. आणि दोघी सख्ख्या जावा, एकाच घरातल्या, एकाच महिन्यात दिवस राहिलेल्या, आणि त्याबद्दल एकमेकींवर रागावलेल्या. सहावी खुर्ची माझ्या डावीकडे, मोकळी. कोणी उशिरा येणार असेल म्हणून ठेवलीये, असं मला वाटलं.

पद्धत मजेशीर आहे. प्रत्येकीने डावीकडच्या बाईचा हात धरायचा आणि आपली एक तक्रार तिला द्यायची. मोकळी खुर्ची सोडून पुढची. आणि घेणारीने तक्रार ऐकण्याआधीच "दे इकडे" म्हणायचं. मी विचारलं, काय देताय ते न बघता घ्यायचं? मोठ्या बाई म्हणाल्या, ऐकून घेतलं तर तो व्यवहार झाला, त्याला माया म्हणत नाहीत.

मी थोरल्या जावेला जळजळ दिली. शेजारणीने मला पोटऱ्यांतले गोळे दिले. सगळ्या हसलो, चहा प्यायलो, घरी आले. आणि खरं सांगते, जेवले आणि छातीत ठिणगीसुद्धा नाही! मात्र झोपताना डाव्या पोटरीत असा काही गोळा आला की नवरा उठून बसला.

मंगळवार, ११

थोरली जाऊ आठवडाभर ढेकरा देत होती, आज तिने ती जळजळ धाकटीला दिली आणि अशी काही खूश झाली की विचारू नका. मी माझे गोळे देऊन टाकले. मला आली तळहातांची खाज. शेजारीण म्हणाली, डॉक्टरला दाखव हो, खाज साधी नसते कधीकधी. दाखवली. रक्त तपासलं, काही नाही निघालं.

हे कसं होतं ते मला कळत नाही, पण मला ओळखीचं वाटतं. ऑफिसात आम्ही हेच करायचो. तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर. टोलवाटोलवी. ज्याच्या टेबलावरून गेली त्याला हायसं वाटायचं. पण तक्रार काही संपायची नाही.

एकच गोष्ट खटकली. लोकरवालीने शेजारणीचा हात धरून कानात काहीतरी सांगितलं, आणि शेजारणीचं हसू तिथेच विझलं. चहा न पिताच उठली.

शनिवार, १५

शेजारीण दार उघडत नाही. आज जिन्यात दिसली. हात पोटावर घट्ट, ओठ हलतायत, काहीतरी मोजतेय. मी विचारलं, बरी आहेस ना. म्हणाली, मंगळवारपर्यंत तेवढं.

तिसऱ्या मजल्यावर नवं जोडपं आलंय. ती जेमतेम एकोणीसची, पाचवा लागलाय, आई नाही, सासू नाही, आणि दिवसभर नुसती चिवचिव. मी तिचं नाव चिमणी ठेवलं. बिचारी दर तासाला घाबरते. पाठ दुखली की विचारते, हे नॉर्मल आहे का हो ताई. मी तिला म्हटलं, मंगळवारी माझ्याबरोबर चल, तुझी पाठदुखी आपण कोणाच्या तरी गळ्यात बांधू. हसली.

मीच बोलावलं तिला. हे इथे लिहून ठेवते.

मंगळवार, १८

नीट लिहायचंय. जसं झालं तसं.

चिमणी मोकळ्या खुर्चीवर बसायला गेली आणि मोठ्या बाई केवढ्यानं ओरडल्या. मग त्यांनी स्वतः आतून सातवी खुर्ची आणली, माझ्या आणि मोकळीच्या मध्ये ठेवली. चिमणी माझ्या डावीकडे बसली. मी तिला तळहातांची खाज दिली.

मग शेजारणीने माझा हात धरला. तिचा हात बर्फ. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "दे इकडे."

ती म्हणाली, "हलत नाहीये."

एवढंच. आणि त्याच क्षणी तिच्या पोटावरचं कापड उडालं. लाथ, सरळ सरळ लाथ, मी डोळ्यांनी पाहिली. ती हंबरडा फोडून रडली, आनंदानं. माझे दोन्ही हात चटकन माझ्या पोटावर गेले. सकाळपासून माझं कार्टं आत धिंगाणा घालत होतं, चहाचा कप पोटावर ठेवला की उडवायचं.

आता काही नाही.

तशीच रिक्षा करून हॉस्पिटलात गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आलात ते उत्तम केलंत, हालचाल कमी वाटली की उद्यावर टाकायचं नाही, कितीही वेळा या. पोटावर ठोके मोजायचा पट्टा लावला. ठोके आहेत. एकशे शेहेचाळीस. पण तासभरात एकदाही हललं नाही. रोज यायला सांगितलंय. दहा हालचाली मोजायच्या.

गुरुवार, २०

ठोके एकशे अडतीस. हालचाल शून्य. डॉक्टरबाई म्हणतात अजून मर्यादेत आहेत. पण त्यांच्या कपाळाला आठी पडते, ती मी बघते. लोकांच्या कपाळावरच्या आठ्या बघण्यात माझी आठ वर्षं गेलीत.

लोकरवालीला गाठलं. सुया थांबेनात. म्हणाली, तिच्याकडे ते धाकट्या जावेकडून आलं होतं. धाकटीकडे थोरलीकडून. सगळ्यांनी सात सात दिवस काढलेत. तूही काढ, आणि मंगळवारी दे पुढे.

पुढे म्हणजे चिमणीला.

शुक्रवार, २१

मोठ्या बाईंकडे गेले. त्या कपबश्या विसळत होत्या. मी म्हटलं, मी इथून हलणार नाही, सांगा. सांगितलं त्यांनी, माझ्याकडे पाठ करून.

पुष्कळ वर्षांपूर्वी त्या मोकळ्या खुर्चीत एक बाई बसायची. नववा महिना. एका मंगळवारी म्हणाली, बाळ हलत नाही. बायका म्हणाल्या, सगळ्यांना असंच वाटतं. ती पुन्हा म्हणाली. मोठ्या बाई म्हणाल्या, शेवटी शेवटी झोपतं गं मूल, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस, घरी जा, पड. ती गेली, पडली. मूल गेलं, पाठोपाठ ती गेली. पुढच्या मंगळवारी तिच्या शेजारच्या बाईचं बाळ हलेना.

मग बाईंना युक्ती सापडली. एकीपाशी थांबू दिलं तर घात, फिरवत ठेवलं तर कोणाचंच काही जात नाही. सात दिवस झेपतं, आठवा नाही. एकदा एकीने आधी ऐकलं आणि घ्यायला नकार दिला. जिच्यापाशी राहिलं तिचं मग — बाईंनी विसळलेला कप पालथा घातला. तेव्हापासून नियम. आधी "दे इकडे" म्हणायचं.

म्हणाल्या, एकतीस मुलं सुखरूप झाली या खोलीतून, तू मला शिकवू नकोस.

माझा नुसता संताप संताप झाला. एकतीस मुलं, आणि एक तक्रार, जिची साधी नोंदसुद्धा कोणी केली नाही.

शनिवार, २२

शेजारीण बाळंत झाली. मुलगी. बाळंतीण आणि बाळ ठणठणीत. नवऱ्याने बातमी आणली.

आनंद झाला मला. रडलेही. दोन्ही खरं.

एकशे चोवीस.

रविवार, २३

नवरा म्हणतो, देऊन टाक ना. मग माझ्याकडे बघवेना त्याला.

चिमणी येऊन गेली. खाज आहे म्हणाली, पण हसत होती. तिच्या बाळाने आज पहिल्यांदा चांगली ढुशी दिली, मासळी फिरल्यासारखं वाटलं म्हणे. माझा हात ओढून पोटावर ठेवला. होती ढुशी. बारीकशी.

नाही देणार. माझ्या जिवाचं पाणी झालंय तरी नाही देणार.

सोमवार, २४

एकशे बारा. डॉक्टरबाई आजच दाखल व्हा म्हणत होत्या. मी म्हटलं, उद्या चारला येते, बॅग घेऊन. त्या चिडल्या. चिडू देत. तिथे पट्टा आहे, यंत्र आहे, पण हे ज्या खोलीत आलं त्याच खोलीत सुटायला पाहिजे.

दुपारभर विचार केला. एका गल्लीत अकरा महिने पाणी नव्हतं. फाइल नऊ टेबलं फिरली. मी ती उचलून ज्याने पहिल्यांदा "काही नाही, होईल" म्हणून खाली ठेवली होती त्याच्या पुढ्यात आपटली. गल्लीतल्या म्हातारीला समोर बसवलं. म्हटलं, आता ऐका. दुसऱ्या दिवशी पाणी.

त्या मोकळ्या खुर्चीतल्या बाईचं अजूनही कोणी ऐकलेलं नाही. नियमच तसा केलाय. आधी घ्या. ऐकायचं नंतर. म्हणजे कधीच नाही.

मंगळवार, २५. खोलीत लिहितेय

तीन वाजून पाच. नवरा बाहेर दारात बॅग घेऊन उभा, रिक्षा थांबवलीये. जावा, लोकरवाली, चिमणी, मोठ्या बाई.

चिमणीने हात पुढे केला. "दे —" म्हणाली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

बाई म्हणतात, वेडेपणा करू नकोस, वेळ संपत आलीये.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही स्टूल सोडा आणि इकडे या. ती तुम्हाला सांगत होती."

तीन नऊ. आल्या. मी माझी खुर्ची मोकळ्या खुर्चीसमोर ओढली. रजिस्टर मांडीवर. रकाने या वेळी नीट भरतेय.

तारीख, आजची. तक्रारदार — बाईंनी नाव सांगितलं. इतक्या वर्षांत तोंडातून पहिल्यांदा. मोठ्या अक्षरात लिहिलं. तक्रार: बाळ हलत नाही. कोणी ऐकली —

हा रकाना कोरा.

मी खुर्चीला म्हटलं, "बोला बाई. आम्ही ऐकतोय."

तीन चौदा. काही नाही. थोरली जाऊ रडतेय. लोकरवालीच्या सुया थांबल्या.

तीन सोळा. खुर्ची करकरली. कोणी हात लावला नाही.

बाई खाली बसल्या, फरशीवर, खुर्चीच्या पायाशी. म्हणतायत, मी खोटं बोलले गं, मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं बोलले —

तीन एकोणीस. पोटात — नाही. माझीच धडधड.

तीन एकवीस.

एक!

दोन. चिमणी मोठ्याने मोजायला लागली. तीन. आता सगळ्या — चार — अक्षर हलतंय —

पाच. सहा.

बाईंसकट आम्ही सहा जणी. मोजणारे आवाज सात.

सात.

आठ. चिमणीलाही ऐकू येतंय, तिने माझा दंड घट्ट —

नऊ.

सगळ्या गप्प. सातवी गप्प नाही. माझ्या कानाशी वाकलीये, गार श्वास — बाई ओरडतायत, म्हण लवकर, दे इकडे म्हण — नाही म्हणणार. कोणी काही म्हणायचं नाही. आधी ऐकायचं. दहावी ढुशी अजून — थांबा, बोलतेय ती — म्हणते —