कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत

कळंब, जि. धाराशिव
१२ ऑगस्ट

चि. श्रावस्ती हिला श्रीपतीकाकाचा सप्रेम जयभीम आणि उत्तम आशीर्वाद.

इकडं आम्ही खुशाल आहोत. तुझी काकू ठीक आहे. माझी साखर ठीक नाही, पण मी नोकरीत असल्यापासून ती माझं ऐकत नाही, त्यामुळं तिचं काही धरू नकोस. गावी ईटला तुझी आई बरी आहे आणि गुडघ्याबद्दल विचारलं की अजूनही 'हाय की जागेवर' एवढंच सांगते. तू कशी आहेस, तिकडं ज्वारीचं पीठ मिळतं का, आणि मिळत असेल तर तू भाकरी करतेस का, हे सविस्तर कळव. पत्र पाहून तू हसशील. पण एक तर तू मागितलेला अनुभवाचा दाखला सोबत जोडायचा आहे (फोटो चालेल असं तू म्हणालीस, पण चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढलेल्या माणसाला फोटो चालत नाही), आणि दुसरं म्हणजे फोनवर मी मुद्द्याला येईपर्यंत तुझं नेटवर्क जातं. काकूशी बोलताना ते तासभर टिकतं, हे मी फक्त नोंदवून ठेवतो. तर जूनमधल्या त्या फोनवर तू दोन गोष्टी बोललीस. कॅनडातला कामाचा परवाना ऑक्टोबरअखेर संपतो, ही पहिली. 'काका, नाहीच झालं तर?' ही दुसरी. पहिलीवर मी अर्धा तास बोललो. दुसरीवर मी तिकडच्या पावसाची चौकशी केली आणि फोन ठेवला. हे पत्र दुसरीबद्दल आहे, पण मी फाईल शेवटच्या पानापासून उघडणारा माणूस नाही, तेव्हा थोडी कळ काढ.

तुझ्या परवान्याचं मला जे समजलं ते असं. शिक्षण संपल्यावर तिथलं सरकार नोकरीसाठी मुदतीचा एक परवाना देतं आणि तो एकदाच देतं. मुदत संपत आली की वाटा दोन. एक तर तू तिथली कायमची रहिवासी व्हावंस, त्यासाठी वय, शिक्षण, इंग्रजी आणि अनुभव यांचे गुण मोजतात, आणि म्हणूनच कळंबच्या लॅबमधल्या तुझ्या दोन वर्षांच्या नोकरीचा दाखला हवा. नाहीतर तुझ्या तिथल्या लॅबच्या मॅडमनी आधी जाहिरात द्यावी, या कामाला गावात दुसरं कुणी मिळत नाही हे सिद्ध करावं आणि मग तुझ्यासाठी अर्ज करावा. पण हे सगळं मला नंतर समजलं; जूनमध्ये तू फोनवर जाहिरात म्हटल्याबरोबर माझ्यातला अव्वल कारकून उठून बसला. आयुष्यभर मी एकच बघत आलो की कुठलाही व्यवहार असो, आधी पेपरात जाहीर प्रगटन येतं, लोक हरकती घेतात, सुनावणी होते आणि मग काम पुढं सरकतं. माझी खात्री पटली की ती जाहिरात हरकती मागवण्यासाठीच आहे. आता तू कायमची रहिवासी आहेस इकडची, आणि प्रगटन निघणार फक्त तिकडं, म्हणजे फाईल त्रुटीत निघणार हे ठरलेलं. तेव्हा तुला न विचारता (इथंच माझं चुकलं) मी आपल्या बब्रुवानकडं गेलो. तो इथं एक साप्ताहिक चालवतो. त्याच्याकडं प्रगटनाचा मजकूर तयार होता, फक्त तो जमिनीच्या खरेदीचा होता. नाव तेवढं बदलू, असं म्हणून त्यानं ते खरोखर तेवढंच बदललं.

त्यामुळं जुलैच्या पहिल्या अंकात छापून आलं ते असं: 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, कु. श्रावस्ती, मु. पो. ईट, ता. भूम, ही निर्वेध व बोजारहित असून तिचा कॅनडा येथील व्यवहार ठरत आहे. तरी तिच्यावर कोणाचा गहाण, दान, वारसा, पोटगी, ताबा अगर अन्य कसलाही हक्क असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यासह खालील पत्त्यावर हरकत नोंदवावी.' खाली माझा पत्ता आणि त्याखाली तुझी चतुःसीमा. पूर्वेस गजराबाईचं घर, पश्चिमेस शाळा, दक्षिणेस ओढा आणि उत्तरेस रस्ता. काकू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेव्हा न बोललेलं बरं होतं असं वाटलं.

आणि बाई, हरकती आल्या. पहिली उमरग्याच्या कल्याणप्पांची. ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान बंद ठेवून ते स्वतः आले. त्यांचा मुलगा महांतेश तुझ्या आधी एक वर्ष पास झाला, त्याचा व्हिसा दोनदा नामंजूर झाला, तेव्हा ज्येष्ठता यादीप्रमाणं आधी त्याला पाठवावं आणि मग तुझं बघावं, अशी त्यांची रीतसर मागणी होती. मी त्यांना चहा दिला आणि कॅनडा माझ्या अखत्यारीत येत नाही असं समजावलं. ते त्यांना पटलं नाही. ज्या अर्थी प्रगटन माझ्या नावानं निघालं, त्या अर्थी अखत्यार माझाच, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि चौतीस वर्षं मीच लोकांना हे शिकवत आलो असल्यामुळं मी त्यांना आणखी एक चहा दिला. दुसरी हरकत ईटहून आली, गजराबाई आणि बचत गटाच्या इतर दहा बायकांची, सह्या आणि अंगठ्यांसह. तू लॅबमध्ये होतीस तेव्हा तुझ्या हातची सुई कळत नव्हती, आता जी पोरगी आहे तिला तीन ठिकाणी टोचल्याशिवाय शीर सापडत नाही, सबब श्रावस्तीचा व्यवहार रद्द करून तिला परत मागवावं. ही हरकत मी 'विषयाशी संबंधित नाही' असा शेरा मारून फेटाळली. मग तो कागद मी पुन्हा वाचला. तुझ्या कामाबद्दल इतकं खरं कुणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि तिकडं त्याला एक गुणही मिळणार नाही, कारण त्याला लेटरहेड नाही.

लेटरहेड होतं आपल्या लॅबवाल्या बालाजीकडं. पहिल्या दाखल्यात त्यानं लिहिलं की तुझी वागणूक चांगली, स्वभाव मनमिळाऊ आणि तुझ्या भावी आयुष्यास शुभेच्छा. आपल्याकडं माणसानं काम काय केलं हे लिहायची पद्धतच नाही, भांडली नाही एवढं लिहितात. दुसऱ्यांदा मी त्याला कामाचे तास लिहायला सांगितले, तर त्यानं लिहिलं, 'सकाळी सात ते पेशंट संपेपर्यंत'. तिसऱ्यांदा मी शेजारी बसून लिहून घेतलं. आता त्यात तास आहेत, कामं आहेत, सही आहे आणि शिक्काही आहे. (शिक्क्यावर अजून उस्मानाबादच आहे. बालाजी म्हणतो शाई संपेपर्यंत हाच चालवायचा. कुणी विचारलं तर जिल्हा तोच आहे असं सांग.)

आता शेवटच्या दिवसाचं सांगतो. पंधराव्या दिवशी सकाळी तुझी आई ईटहून एसटीनं आली. हातात बब्रुवानचा अंक, चार घड्या घातलेला. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतला. तर म्हणाल्या, "शेवटचा दिस हाय नव्हं? वाचा ते, काय लिवलंय." मी वाचलं. गहाण, दान, वारसा, पोटगी, ताबा, प्रत्येक शब्दाला त्या नुसतं 'न्हाय' म्हणत गेल्या. मग म्हणाल्या, "माजी हरकत न्हाय, भाऊजी. ऱ्हाऊ द्या तिला तिकडं, सुकात हाय. पर तिचं न्हाय जमलं आन ती माघारी आली, तर तवा कुणी हरकत घिऊ नये. त्येची बी नोटीस काढा." मी हसलो. म्हटलं, घरी यायला कशाची नोटीस. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सुगत आला तवा तुमीच म्हनला हुता, पडून आला म्हून. चारचौघात."

सुगत तुला आठवत असेल, शाळेत तुझ्यापुढं चार वर्षं होता. तिकडंच शिकला, नोकरी केली, परवान्याची मुदत संपली आणि दोन वर्षांपूर्वी परत आला. आता इथं क्लासेस घेतो. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात मी ते वाक्य, पोरगं तिकडं नापास होऊन आलं अशा अर्थानं, बोललो होतो, लोक हसले होते आणि मला बरं वाटलं होतं. वहिनींना एसटीत बसवून मी तसाच त्याच्याकडं गेलो. म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, लई दिवस झाले." मग त्यानंच मला तुझ्या परवान्याचं सगळं नीट समजावलं, वर मी जे लिहिलं आहे ते त्याचंच. मी विचारलं, तू कशात कमी पडलास? तर तो म्हणाला, कशातच नाही. त्या वर्षी गुणांची अट वर गेली, कंपनीला अर्ज करायला उशीर झाला. "काका, त्यात पास-नापास नसतंय. मुदत असती, संपती." दोन वर्षं तो हॉटेल टाळून मागच्या गल्लीनं क्लासला जातो, हे मला त्याच्या आईनं सांगितलं.

श्रावस्ती, तुझ्या प्रश्नावर मी पावसाचं का विचारलं ते आता लिहितो. तू परत आलीस तर सुगतबद्दल मी जसं बोललो तसंच लोक माझ्याबद्दल बोलतील, याची मला भीती वाटली. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. तुझे वडील गेल्यावर तुझा पालक म्हणून माझं नाव लागलं, आणि तू भ्यायलेली असताना मी स्वतःचं नाव सांभाळत बसलो. मला याची लाज वाटते. दाखला जोडला आहे. मॅडमना जाहिरात देऊ दे, गुण मोजू दे, तू अर्ज कर आणि मनापासून कर. मला तुझी आठवण येते, हेही एकदा लिहून ठेवतो, कारण फोनवर ते माझ्याच्यानं होत नाही.

तुझा,
श्रीपतीकाका

ता. क. कल्याणप्पांचा रोज फोन येतो. तुझ्या मॅडमना पाहिजे असेल तर महांतेश हिशेबाच्या कामात तयार आहे. रक्त काढायचं काम तो शिकून घेईल असंही त्यांनी सांगितलं आहे. हा मजकूर मॅडमना दाखवू नकोस.

ता. ता. क. वहिनींनी सांगितलेलं दुसरं प्रगटनही छापून आलं, कात्रण दाखल्यामागं लावलं आहे. 'कु. श्रावस्ती ही केव्हाही आपल्या घरी येण्यास मुखत्यार असून त्याबाबत कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदवावी.' या वेळी मजकूर मी स्वतः लिहिला. मुदतीत एकच हरकत आली, ती माझी होती, 'लोक काय म्हणतील' या एकाच मुद्द्यावर. मी ती घेऊन ईटला गेलो. वहिनींनी भाकरी थापता थापता ऐकून घेतली आणि फेटाळली.