बारदान वजा

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.
नवी वही. चार्ट तयार. लॅमिनेशन करून फ्रिजवर लावला. ए-फोर साइज, चार रंग. अप्पांना घरी आणून आज आठ दिवस झाले. एक स्टेंट. हॉस्पिटलचा रिपोर्ट इंग्रजीत, आणि या घरात तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू शकणारी मी एकटी. बीएस्सी केमिस्ट्रीचा उपयोग काय, असं माझा भाऊ विरेश गेले चार महिने विचारतोय. आता कळेल.
नियम : १) तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. २) मीठ निम्मं. ३) तूप, लोणी, खवा, फरसाण, बेकरी बंद. ४) जे अप्पांच्या ताटात, तेच माझ्या ताटात.
चौथा नियम माझ्या मनाचा आहे. बाप उकडलेलं खातोय आणि मुलगी तळलेलं, हे मला जमणार नाही. शिवाय मलाही आठ किलो कमी करायचे आहेत. दोन महिन्यांनी, २७ जानेवारीला, पुन्हा रक्ततपासणी. तोवर अप्पांच्या हृदयाची जबाबदारी माझी.

२ डिसेंबर, सोमवार.
दुकानात जाऊन वजनं केली. आमचं भुसार मालाचं दुकान असल्यामुळे काटा एकदम चोख, पन्नास ग्रॅमसुद्धा सोडत नाही. वजन करणारे अल्लाउद्दीनचाचा. अप्पांच्या लग्नाच्या आधीपासून आमच्याकडे पोती तोलतात.
अप्पा ८१.६००. मी ६८.४५०. पण पोतं तोललं की बारदान वजा करतात, आतला माल तेवढाच धरतात. माझा ड्रेस, स्वेटर, चपला मिळून १.२५०. निव्वळ ६७.२००. अप्पांनी बारदान धरू नका म्हटलं. त्यांचा स्वभाव.
अव्वालाही (आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात) चढ म्हटलं काट्यावर. ती म्हणाली, मला काय इकायचंय? सगळे हसले. राहिलं.

४ डिसेंबर, बुधवार.
दोडक्याची भाजी, तेल अर्धा चमचा. अप्पांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि बस म्हणाले. पोर्शन कंट्रोल पहिल्याच आठवड्यात साधला.
एक अडचण. आमच्या घरात ताटात काही टाकायची पद्धत नाही. अन्न म्हणजे प्रसाद. जेवण झालं की ताटात पाणी ओतून, बोटानं धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं. अप्पांचं ताट तसंच अर्धं राहिलं, त्यांना कसंतरी वाटत होतं. अव्वानं ते आपल्याकडे ओढलं, संपवलं, धुऊन प्यायली. माझ्याही ताटात थोडं होतं. दोडका मला पहिल्यापासून जात नाही.
नासाडी शून्य. अव्वाचं सहकार्य उत्तम.

७ डिसेंबर, शनिवार.
हार्टच्या पेशंटला भेटायला येताना लोक पेढे का आणतात? आज वळसंगहून बसप्पाकाका आले, सोबत घरचा खवा, एक किलो. काल शेळगीच्या मावशीनं बुंदीचे लाडू आणले. परवाचे पेढे आहेतच. अप्पा खाटेवरून फ्रिजकडे बघत होते. फ्रिजवर माझा चार्ट आहे, पण ते चार्ट बघत नव्हते.
अव्वाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, हे अप्पांच्या नजरेला पडता कामा नये, तू संपवून टाक. ती म्हणाली, एवडं? मी म्हटलं, रोज थोडं थोडं. विरेशला दे म्हणाली. पण विरेश दुकानातच काहीबाही खाऊन येतो.
मी एक पेढा खाल्ला. साखर किती आहे ते कळावं म्हणून. नंतर दोन.
दिवसभर मन खात होतं. रात्रीचं जेवण बंद. (आठला फक्त एक भाकरी.)

९ डिसेंबर, सोमवार.
अप्पा ८०.९००. सातशे ग्रॅम!
मी ६८.७००. बारदान १.६००, कारण आज जीन्स. निव्वळ ६७.१००. म्हणजे शंभर ग्रॅम कमी. संथ पण निश्चित.

१३ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४.
आज एक महिना झाला. हे एकदा लिहून टाकते, परत लिहिणार नाही.
त्या दिवशी दुपारी जेवून उठले तेव्हा अप्पा म्हणाले, छातीत जळजळतंय, डावा हात भरून आलाय. अव्वा म्हणाली, दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं, ॲसिडिटी आहे, उगाच घाबरू नका. पोटात ॲसिड कसं तयार होतं ते समजावूनसुद्धा सांगितलं. गोळी दिली. दोन ते पाच. तीन तास ते डाव्या कुशीवर पडून राहिले, कारण शिकलेल्या मुलीनं सांगितलं होतं.
घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, दाक्षूनं येळेवर गोळी दिली म्हणून तर दवाखान्यापर्यंत टिकलो. प्रत्येक वेळी मी उठून आत जाते. लोकांना वाटतं, पोरगी लाजाळू आहे.
म्हणून चार्ट. आता चूक होणार नाही. हार्टची सगळी लक्षणं पाठ केली आहेत : छातीत जळजळ, डावा हात, घाम. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

१८ डिसेंबर, बुधवार.
अव्वानं विरेशच्या डब्यासाठी शेंगाचटणी कुटली. उखळातली. वर तेल सुटलेलं. मी फक्त झाकण नीट लागलंय का बघायला गेले.
शेंगदाण्यातलं फॅट मुळात चांगलं असतं, हे शास्त्र आहे. तरी चार्टमध्ये नाही म्हणजे नाही. कडक भाकरी चार्टमध्ये आहे. म्हणून चटणी भाकरीला नुसती टेकवून खाल्ली. पाच वेळा. भाकऱ्या दोन.
अप्पा बाहेर मीठ न घातलेली मुगाची आमटी पीत होते. त्यांनी विचारलं, काय खातीस? मी म्हटलं, कडक भाकरी. हे खोटं नाही. पण त्यांच्या शेजारी जाऊन बसता आलं नाही.

२३ डिसेंबर, सोमवार.
अप्पा ७९.८००.
मी ६९.३००. बारदान २.३०० (स्वेटर, शाल, जीन्स, मोबाईल, केसांचं तेल). निव्वळ ६७.०००. चाचांनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, इतकं बारदान तर तुरीच्या पोत्यालाबी नसतंय, बेटी.
पुढच्या वेळी मी स्वतः आकडा वाचेन.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस.
वर्षातली ही एक अमावास्या आमच्याकडे रानात जेवायची. वळसंगला काकांच्या शेतात सगळी भावकी. कडब्याच्या खोपीत पाच पांडवांची पूजा, मग ज्वारीची आंबील, भाज्या-शेंगदाण्यांची भज्जी, उंडे, खीर. मी अप्पांचा आणि माझा डबा घरून नेला होता : उकडलेले मूग, काकडी.
अप्पा बांधावर बसून मूग चावत होते आणि समोर चाळीस माणसं भज्जी खात होती. जवळ येईल तो आवाज कमी करत होता, जणू वर्गात परीक्षा चालू आहे. बसप्पाकाका म्हणाले, रुद्रप्पा, एक घास तर घे, वर्षाचा सण हाय. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही. अख्ख्या भावकीसमोर. मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला.
मग हरभरा कसा आलाय ते बघायला मी कडब्याच्या गंजीमागे गेले. चुलतबहीण धनलक्ष्मीनं तिथे माझ्यासाठी पानात काढून ठेवलं होतं. नको म्हणायला उशीर झाला.
अप्पांच्या वाटचं पान मात्र काकूंनी वाढूनच ठेवलं. सणाचं वाढलेलं पान परत करत नाहीत. ते अव्वानं खाल्लं. स्वतःचं खाल्लं. अप्पांचे उरलेले मूगही खाल्ले. मी तिला म्हटलं, बरं झालं, डबा धुऊन ठेव.
रानातून रस्त्यापर्यंत चालत येताना अव्वा दोनदा बांधावर बसली. दम लागला म्हणाली, आणि जबड्यात ठणकतंय. मी लगेच सगळं तपासलं. छातीत जळजळ? न्हाय. डावा हात? न्हाय. घाम? उन्हाचा. म्हणजे दाढ. लवंगेचं तेल लावायला सांगितलं. आणि दम लागतो तो व्यायाम नाही म्हणून. उद्यापासून तिनंही आमच्याबरोबर फिरायला यावं.

३१ डिसेंबर, मंगळवार.
अव्वा फिरायला आली नाही. भाकऱ्या कोण थापणार म्हणाली. माणसाला स्वतःच्या तब्येतीची काळजी नको का?

६ जानेवारी, सोमवार.
नव्या वर्षाचा संकल्प : चटणीकडे बघायचंसुद्धा नाही. (सकाळी ९.)
अप्पा ७८.५००. विजार ढिली झाली. पण आता हसत नाहीत पहिल्यासारखे. जेवायला हाक मारली की आधी विचारतात, काय हाय, आणि मी सांगायच्या आत म्हणतात, असू दे.
मी काट्यावर गेले नाही. पाय दुखत होता.
अव्वा हल्ली बसून भाकरी करते. गॅसची शेगडी खाली घेतली आहे. लवंगेचं तेल संपलं, दुसरी बाटली आणून दिली.
चटणी बघितली. (सायं. ६.)

१३ जानेवारी, सोमवार. भोगी.
तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि लोणी. काकांनी एवढा मोठा गोळा पाठवला होता. चार्टप्रमाणे लोणी जप्त केलं. अप्पा वाटी जाते तिकडे बघत राहिले. उन्हात लोणी पाझरायला लागलं. मी अव्वाला म्हटलं, आजच संपव, उद्या संक्रांत आहे, उद्याचं वेगळं येईल.
अव्वा म्हणाली, साकु. साकु म्हणजे पुरे. तिला अगदी नको झालं की ती कानडीत बोलते.
मी म्हटलं, अव्वा, एवढंच. अप्पांसाठी.
मग तिनं खाल्लं.

१६ जानेवारी, गुरुवार.
गड्ड्याच्या जत्रेत गेले होते. भजी बघितली, खाल्ली, पुन्हा बघितली. येताना विचार केला की अप्पांना न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. घरी आल्यावर अप्पांनीच विचारलं, गड्ड्यावर गर्दी लई होती की? मी हो म्हटलं. ते म्हणाले, तेलाचा वास येतोय केसांना. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

२० जानेवारी, सोमवार.
अप्पा ७७.२००. मी ७०.१००. चाचांनी बारदान किती विचारलं. मी म्हटलं, तीन. त्यांनी माझ्या पातळ ओढणीकडे बघितलं आणि दुसऱ्या पोत्याकडे वळले.
असो. माझं वजन हा मुद्दाच नाही. सोमवारी अप्पांचा रिपोर्ट.

२७ जानेवारी, सोमवार. हॉस्पिटलमधून.
अप्पांचा रिपोर्ट उत्तम. एलडीएल निम्म्यावर. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुणी केलं हे? अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पर्समधून चार्ट काढला, फ्रिजवरून मुद्दाम उतरवून आणला होता.
तेवढ्यात विरेश आत आला. लिफ्ट बंद, म्हणून अव्वा त्याच्याबरोबर मागून जिना चढत होती. नवव्या पायरीवर बसली आहे म्हणाला. जबडा धरून.
मी म्हटलं, तिची दाढ आहे. डॉक्टरबाई माझं वाक्य संपायच्या आत बाहेर होत्या.
ईसीजी. प्रेशर १७०. शुगर २६०. बायकांचं पुष्कळदा असंच दुखतं म्हणाल्या, जबड्यात, पाठीत, नुसता दम लागतो. ते माझ्या पाठांतरात नव्हतं.
मग अव्वाला विचारलं, खाण्यात काय असतं तुमच्या? मी उत्तर द्यायला पुढे झाले आणि टेबलावरच्या चार्टकडे बघितलं. त्यात अप्पांचंच खाणं होतं.
अव्वा म्हणाली, "समद्यांचं झाल्यावर उरतंय ते."
डॉक्टरबाईंनी विचारलं, उरतं किती? अव्वा म्हणाली, "पहिलं कमी उरायचं. आता हिनं ह्यांचं कमी केलंय न्हवं. मग ते टाकायचं कुटं?"
तक्रार नव्हती त्यात. दळण कुठून आणता विचारलं असतं तर याच आवाजात सांगितलं असतं.
वजन ७४. दोन महिन्यांपूर्वी किती होतं, असं विचारलं. मी ही वही काढली. अप्पांच्या सगळ्या नोंदी आहेत. माझ्या आहेत, बारदानासकट. अव्वाची एक नाही. पानं चाळताना मात्र तिचं नाव जागोजाग दिसत होतं. संपवून टाक. संपव. आजच संपव. अक्षर माझंच.
डॉक्टरबाईंनी टेबलावरचा चार्ट फक्त बाजूला सारला. त्याखाली त्यांचं पेन होतं.

२९ जानेवारी, बुधवार.
अँजिओग्राफी झाली. एक नस अर्धी बंद. सध्या गोळ्या, पथ्य, आणि लक्ष ठेवायचं. आणखी दोन-तीन महिने गेले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं, म्हणाल्या.
वॉर्डात अव्वा शेजारच्या बाईला सांगत होती, पोरगी शिकलेली हाय म्हणून दवाखान्यात आलो, म्हणून येळेवर कळलं. बाईनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी उठून बाहेर गेले.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.
अव्वा घरी. नवा चार्ट करायला बसले. पहिला रकाना, सकाळचा नाश्ता. ती सकाळी काय खाते ते मला माहीत नाही. तिला काय आवडतं तेही माहीत नाही. जाऊन विचारलं. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, ऊन ऊन कायबी. गरम मिळतं कुटं मला.
चार्ट राहू दिला. आज भाकऱ्या मी थापल्या. तीन नकाशे झाले, चौथी जरा गोल. दोडका केला, अप्पांनी फोडणी शिकवली, अर्ध्या चमच्यातही चव येते म्हणे. हे आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाले, तू विचारलंस कुटं?
अव्वाला सगळ्यांच्या आधी वाढलं. पहिली गरम भाकरी. तिला संकोच वाटत होता, दाराकडे बघत होती, कुणी यायचं राहिलंय का म्हणून. दीड भाकरी खाल्ली आणि म्हणाली, साकु.
यावेळी मी आग्रह केला नाही.
ताटात अर्धी भाकरी आणि थोडा दोडका उरला. तिचा हात ताटाकडे जायला लागला. मी ताट ओढून घेतलं, खाल्लं, पाणी ओतून धुऊन प्यायले.
संध्याकाळी दुकानात गेले. चाचांनी आकडा मोठ्यानं वाचला. ७०.६००. बारदान किती, विचारलं त्यांनी. काही नाही म्हटलं.