बाहेरची पेटी

आईस चासिबचा सलाम. तुझ्या दोन्ही हातांवर डोळे टेकवतो. बगदादमध्ये मी धडधाकट आहे, दोन वेळा पोटभर जेवतो, तेव्हा उगीच रडत बसू नकोस. तुझी चक्कर थांबली का? पाणी पितेस ना?

हे पत्र आणणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर एसी पाठवतोय. इथे मी दिवसाला चार-पाच घरांत एसी बसवतो आणि माझी आई तापलेल्या गच्चीवर झोपते, हे मनाला पटेना.

परवा एका एसीची बाहेरची पेटी मी शेजारच्या गच्चीकडे तोंड करून लावली. संध्याकाळी तिथली म्हातारी अंथरूण घालायला आली आणि ओरडली, "अरे मुडद्या, त्यांचा उन्हाळा माझ्या उशाशी आणून ठेवलास होय!"

मी हसलो. मग पेटीसमोर हात धरला, तर तंदूरच जणू. लगेच ती रस्त्याकडे फिरवली. ज्याच्या हाताखाली मी काम करतो तो उस्ताद म्हणाला, "रस्त्यावर माणसं चालत नाहीत का रे, शहाण्या?"  

आपल्या खोलीची मोकळी भिंत एकच, तीही शेजारची उम्म घायिब मावशी उघड्यावर झोपते त्या बाजूची. पेटी तिथेच लागणार. म्हणून आई, मावशीचं अंथरूण तुझ्याच खोलीत घाल. ती घोरते, मला ठाऊक आहे. पण तिला बाहेर ठेवून दार लावून घेऊ नकोस.

तुम्हां दोघींना अल्लाहच्या हवाली करतो.

तुझा चासिब