दोघांच्या कानांची सोय

२८ जुलै, सोमवार

अनुपमा पंचमीला माहेरी गेली. न्यायला ताडकळसहून गुरुपाद आला होता. माझा मेहुणा. परभणीत कापडाच्या दुकानात नोकरी करतो आणि मालक असल्यासारखा चालतो. निघताना अनुपमा दारात थांबून काहीतरी म्हणाली. माझ्या कानात वायर होती, गाणं ऐन रंगात आलं होतं. मी मान हलवली. दळणाचंच काही असणार.

आता घर शांत. निवांत गाणी ऐकता येतील.

२९ जुलै

पंचमी. आज कुणी चिरत नाही, दळत नाही, म्हणून आमच्या गिरणीला सुट्टी. दिवसभर गेम घेऊन पडलो.

गेम म्हणजे हातात धरायचा जुना व्हिडिओ गेम. पुण्याचा मावसभाऊ टाकून देत होता, मी उचलला. निम्मी बटणं मेलीत, खेळता काही येत नाही. पण गाणी वाजतात, पिक्चर दिसतात. गाव सगळं मोबाइलवर ऐकतं. मोबाइलचं काय, गाणं रंगात आलं की कुणीतरी फोन करून विचारणार, दळण झालं का. गेमला फोन येत नाही. अख्ख्या वालूरमध्ये ही अक्कल फक्त मला सुचली.

१ ऑगस्ट

आई म्हणाली, सुनेला फोन कर. केला. बरं आहे म्हणाली. जेवलात का म्हणाली. हो म्हणालो. मग दोघंही गप्प. रेंज चांगली होती.

फोन ठेवल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्षभर तिचं एकच तुणतुणं: ‘सदा तुमच्या कानात वायर.’ मी समजत होतो टोमणा मारते. टोमणा नव्हेच! तिलाही ऐकायचंय. मी एकटाच मजा मारतो याचा राग. सरळ सांगितलं असतं तर खामखा एवढं लांबलं नसतं.

संकल्प: अनुपमासाठी गेम गाण्यांनी भरायचा.

३ ऑगस्ट

सेलूला जाऊन दोन तोंडाची पिन आणली. तिच्यामुळे एका गेमला दोन वायरी लागतात. एक तिच्या कानात, एक माझ्या. शेजारी शेजारी बसून ऐकायचं, बोलायचं कामच नाही. बोलणं नाही तर भांडण कुठून होणार? लोक उगाच वकिलाकडे जातात.

४ ऑगस्ट

आई म्हणाली, राखीच्या आधी जाऊन तिला घेऊन ये. मी म्हणालो, आधी सासऱ्यांचा फोन येऊ दे. न बोलावता जावयाने जायचं म्हणजे मान जातो. आई म्हणाली, ‘मान काय भाकरीसंगं खायचा हाय का?’ आईला या गोष्टीतलं कळत नाही.

लग्नाचा व्हिडिओ गेममध्ये घालायला घेतला. चालेना. मोठी फाइल त्याला पचत नाही, कॉम्प्युटरवर आधी बारीक करून द्यावी लागते. म्हणजे आमचाच धंदा.

६ ऑगस्ट

चालला! तळहाताएवढ्या स्क्रीनवर अख्खं लग्न. आम्ही स्टेजवर उभे, आहेर देणाऱ्यांची रांग. एका ठिकाणी अनुपमा माझ्या कानाशी वाकून काहीतरी म्हणते. मी कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि मान हलवतो. बँडच्या दणक्यात तिचा शब्द ऐकू येत नाही. काय म्हणाली असेल? मला आठवत नाही. सावकाश चालवून तिचे ओठ पाहिले. ‘लय छान दिसायलात’ असंच असणार. फेट्यात मी दिसत होतोच तसा.

किती हसरी होती. डोळ्यांना पाणी आलं. पिठाने चुरचुरत असतील. गिरणीतून येऊन तसा बराच वेळ झाला होता, आंघोळही झाली होती.

७ ऑगस्ट

गेम पाठवला. आमच्याकडे डबा म्हणा, औषध म्हणा, एसटीच्या कंडक्टरजवळ देतात आणि पुढच्या स्टँडवर आपला माणूस उतरवून घेतो. गेम, वायरी, पिन मिठाईच्या डब्यात घालून वरून सुतळी आवळली आणि परभणीच्या गाडीत दिला. स्टँडवर गुरुपाद घेईल. रात्री ती ऐकेल. राखी झाली की घरी.

आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, ‘शिवा, बायकू आणायला मानूस जात असतो. डबा न्हाई.’

गिरणीत आज कान रिकामे होते. गिरणी एवढा आवाज करते हे मला माहीतच नव्हतं.

१० ऑगस्ट

काल राखी झाली. फोन नाही. ऐकण्यात गुंग असेल. गाणी पुष्कळ भरलीत.

१४ ऑगस्ट

परभणीच्या गाडीतून डबा परत आला. गेम, वायरी, पिन, सगळं तसंच. सुतळीची गाठसुद्धा माझीच, तशीच.

चार्जिंग उतरलं असणार! चार्जर पाठवायचा राहिला, चूक माझीच. बिचारी काय करणार.

संकल्प: रविवारी स्वतः जायचं. न्यायला नव्हे. चार्जर द्यायला.

१७ ऑगस्ट, रविवार

ताडकळसला जाऊन आलो. एकटाच.

सासूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. गुरुपाद ‘या दाजी’ म्हणाला आणि बाहेर निघून गेला. अनुपमा समोर येऊन बसली. वाळलीय. मी चार्जर भिंतीला लावला, गेम सुरू केला, पिन खोचली आणि एक वायर तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही. ‘बोला,’ म्हणाली.

बोलायचं काही आणलंच नव्हतं. म्हणून स्टेजवरचा तो तुकडा लावला आणि विचारलं, इथं तू काय म्हणाली होतीस?

तिने गेम हातात घेऊन तो तुकडा पाहिला. मग म्हणाली, ‘पाय लय दुखायलेत, जरा बसू का, म्हणलं होतं. तुमी मान हलवली. मी बसले, तर म्हणलात ऊठ, फोटो निघायलाय.’

मी हसलो. ती हसली नाही. तिने विचारलं, पंचमीला निघताना दारात मी काय म्हणले होते?

दळणाचं, मी म्हणालो.

तेव्हा मात्र हसली. व्हिडिओतल्यासारखी नाही. म्हणाली, ‘राखीच्या आत तुमी सोता न्यायला आलात तर येईन, म्हणलं होतं. न्हाई आलात तर समजून घेईन, मी नको हाय तुमाला. मंग परत येणार न्हाई. तुमी मान हलवली. राखीदिशी मी शेवटच्या गाडीपतुर दारात बसले.’

मला ऐकू आलं नव्हतं, असं मी म्हणालो. ‘तेच तर,’ म्हणाली.

चल म्हणालो. येत नाही म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही काही बोलता आलं असतं. गेम तिनेच बंद केला, दोन्ही वायरी नीट गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवल्या. लग्नानंतर माझे कपडे असेच ठेवायची.

परतीच्या गाडीत सवयीने कानात वायर घातली. वालूर आलं तेव्हा लक्षात आलं, गाणं लावलंच नव्हतं.

२० ऑगस्ट

गेम बंद पडला. चार्जर ताडकळसला भिंतीलाच राहिला.

निमित्त चांगलं आहे. चार्जर न्यायला म्हणून जाता येईल. गेल्यावर ती ‘बोला’ म्हणेल. तेव्हा बोलायचं काय, याच्यावर दिवसभर विचार केला. कडूबाईंची ज्वारी गव्हात दळली गेली.

फोन केला. उचलला नाही.

२२ ऑगस्ट

पोळा. सकाळपर्यंत पुरणपोळीच्या दळणांची गर्दी होती. दुपारी गिरणी बंद करून घरी आलो. गेम कपाटात ठेवला. पिन त्याच्याच बाजूला. दुसरी वायर कधी वापरलीच नाही, अजून नव्यासारखी आहे.

आई स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. आतून म्हणाली, ‘विलायची कुटं ठिवलीस गं?’

कानात काही नव्हतं, शब्द न् शब्द ऐकू आला. मी दारात जाऊन विचारलं, मला विचारलंस का?

आईने वर पाहिलं नाही. म्हणाली, ‘तुला न्हाई रे. अनुपमाला. सवय हाय, तोंडातून जातंय.’

मी तिथंच दाराला टेकून उभा राहिलो. आई पुढं काय म्हणते ते ऐकायचं होतं. अनुपमाशी ती रोज काय बोलायची, ते मला माहीत नाही. पुरण वाटून झालं. आई काही बोलली नाही.